खोली भाड्याने घेताना

मंडळी, गेल्या वैशाखात एका सकाळी आमच्या शेजारचे तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात पेढ्यांचा पुडा होता. म्हणाले, "गुरुजी, थोरलीला सांगलीत नोकरी लागली बघा. मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर. हिशेब लिहायचं काम. पगार बारा हजार."

आम्ही पेढा तोंडात टाकला. तात्यांच्या तोंडावर मात्र हसू दिसेना.

"आता तिला खोली बघायची," ते म्हणाले. "पोरगी म्हणते, मला एकटीला राहायचं आहे. एकच खोली, पण दार आपलं, कुलूप आपलं. मी जन्मात कधी भाड्यानं राहिलो नाही. तुम्ही बरोबर येता का?"

आम्ही हो म्हणालो. या धड्यात त्या दिवसाची हकिगत सांगतो. तुमचाही मुलगा, मुलगी, भाऊ कधी तरी शहरात जाईल. तेव्हा ही हकिगत उपयोगी पडेल.

तात्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी ते आमच्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकले. आता सावकाश वाचतात, बोट ठेवून वाचतात, पण वाचतात. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

कोरड्या गावची माणसे

आमचा जत तालुका कोरडा. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी माणसे आम्ही. पाणी आले नाही याची भीती आम्हाला माहीत. पाणी घरात येईल ही भीती आमच्या गावी कोणाला ठाऊक?

सांगलीची गोष्ट निराळी. सांगली कृष्णेच्या काठी आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. वरच्या डोंगरात मोठा पाऊस झाला, धरणातून पाणी सोडले, की ते सारे सांगलीकडे येते. कधी कधी सांगलीत लख्ख ऊन पडलेले असते आणि नदी मात्र चढत असते. म्हणून आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून इथल्या पुराचा अंदाज करता येत नाही.

सांगलीत आयर्विन पूल आहे. तो १९२९ साली सुरू झाला. या पुलाजवळ नदीची पातळी फुटांत मोजतात. पाणी ४० फुटांवर गेले की 'इशारा पातळी' झाली. ४५ फुटांवर गेले की 'धोका पातळी' झाली. काठच्या सखल वस्त्यांत इशारा पातळीच्या आसपासच पाणी शिरू लागते. २००५ साली मोठा पूर आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याहून मोठा आला. तेव्हा पाणी ५७ फुटांवर गेले होते. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला.

एस.टी.त बसल्यावर आम्ही तात्यांना हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे खोली बघायच्या आधी नदी बघायची."

आम्ही म्हणालो, "बरोबर."

पहिली खोली

स्टँडवर एजंट भेटला. गडी बोलका होता. खोली दाखवायचे पैसे नाहीत, पण खोली ठरली की एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, असे त्याने आधीच सांगितले. हे चांगले झाले. दलाली किती, कधी, कोणी द्यायची, हे पायी निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

त्याने काही शब्द सांगितले तेही आम्ही लिहून घेतले. शहरात एका खोलीच्या घराला दोन नावे आहेत. एकाच मोठ्या खोलीत झोपायची जागा आणि स्वयंपाकाचा ओटा असेल, न्हाणी-संडास लागून असेल, तर त्याला 'स्टुडिओ' म्हणतात. खोली वेगळी आणि छोटे स्वयंपाकघर वेगळे असेल तर 'वन आरके' म्हणतात. नाव ऐकून भाडे वाढवू नये. आत जाऊन बघावे.

पहिली खोली नदीकडच्या बाजूला होती. तळमजल्यावर. भाडे २५०० रुपये. खोली छान होती. भिंतींना नवा रंग, फरशी स्वच्छ, खिडकीतून वारा. पोरीला आवडली. ती म्हणाली, "तात्या, दीड हजार वाचतात. बाकी सगळीकडे चार हजार सांगतात."

आम्ही एजंटला विचारले, "इथे पाणी येते का?"

"चोवीस तास!" तो म्हणाला.

"नळाचे नव्हे. नदीचे."

"छे हो गुरुजी. ते कधी तरी. नदी तिकडे लांब आहे."

भिंतीकडे पाहून काही कळेना. नवा रंग सगळे झाकतो. तेवढ्यात तात्या बाहेर गेले. गल्लीच्या तोंडाशी एका जुन्या भिंतीपाशी ते उभे राहिले. बोट ठेवून काही वाचू लागले. मग त्यांनी हाक मारली, "गुरुजी, इकडं या."

भिंतीवर लाल रंगाची एक आडवी रेघ होती. रेघेशेजारी आकडा होता. तात्यांनी एकेक आकडा मोठ्याने वाचला. "दोन. शून्य. एक. नऊ." मग ते रेघेला लागून उभे राहिले. रेघ त्यांच्या खांद्याला लागली.

कोणी काही बोलले नाही. एजंट फोनकडे पाहू लागला.

समोरच्या दारात एक आजीबाई तांदूळ निवडत होत्या. तात्यांनी विचारले, "आजी, पाणी इथवर आलं होतं?"

"आलं होतं की बाबा," आजी म्हणाल्या. "कपाट गेलं, गाद्या गेल्या, धान्य गेलं. नातवाची शाळेची कागदं गेली. आमचं घर आहे म्हणून आम्ही राहतो. तुम्ही कशाला पोरीला इथं ठेवता?"

मंडळी, ती रेघ एजंटने दाखवली नाही. ती तात्यांनी वाचली. दोन वर्षांपूर्वी ते त्याच भिंतीपुढून निघून गेले असते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. नदीकाठी राहणारी माणसे वेडी नाहीत. त्यांची घरे तिथे आहेत, पोट तिथे आहे. नदीकाठची खोली कधीच घेऊ नये, असेही आम्ही म्हणत नाही. पण जे घ्यायचे ते माहीत होऊन घ्यावे. म्हणून खोली पाहताना एकाला विचारून थांबू नये. तिघांना विचारावे. शेजारणीला विचारावे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे, रिक्षावाल्याला विचारावे. प्रश्न असा विचारावा: "२०१९ ला पाणी कुठवर आले होते? २०२१ ला कुठवर?" नुसते "पाणी येते का?" असे विचारले तर नुसते "नाही" असे उत्तर मिळते. साल घालून विचारले की माणूस हात करून दाखवतो.

वरचा मजला घेतला म्हणजे सगळे भागले असेही नाही. सामान वाचते, पण खाली पाणी असेल तर जिना बंद होतो. वीज जाते, नळ बंद होतो. तेव्हा खोली सोडून जावेच लागते. वर राहणाऱ्यानेही कुठे जायचे हे आधी ठरवून ठेवावे.

दुसरी खोली

दुसरी खोली विश्रामबागेच्या बाजूला होती. तिकडे जमीन उंच आहे. खोली पहिल्या मजल्यावर होती आणि पहिलीपेक्षा लहान. रंग जुना. भाडे ४००० रुपये. अनामत १५००० रुपये.

मालकीणबाई खाली राहत होत्या. वयाने पोरीच्या आईएवढ्या. पोरीने त्यांना "काकू" म्हणून हाक मारली आणि स्वतःच प्रश्न विचारले. "काकू, पाणी किती वेळ येतं? मीटर माझं वेगळं आहे का? रात्री यार्डातून उशीर झाला तर फाटक बंद असतं का? आई राहायला आली तर चालेल का?" बाईंनी एकेकाचे उत्तर दिले. पाणी सकाळी दोन तास, पण टाकी आहे. मीटर वेगळे आहे. फाटक दहाला बंद, पण किल्ली मिळेल. आई आली तर चालेल.

पोरीने नळ सोडून पाहिला. दिवा लावून पाहिला. दाराची कडी आतून लावून पाहिली. खिडकीचे गज हलवून पाहिले. आम्ही गप्प उभे होतो. ती सगळे बरोबर करत होती.

मग तिने तात्यांना बाजूला घेतले. "दीड हजार जास्त आहेत," ती म्हणाली. "अकरा महिन्यांचे साडेसोळा हजार होतात."

तात्या म्हणाले, "व्हय. पण तिकडं पाणी आलं तर गादी, कपडे, शेगडी, कागद, सगळं एका रात्रीत जाईल. आणि तू त्या रात्री एकटी असशील. पैसे तुझे, राहणार तू. तूच ठरव."

पोरीने थोडा विचार केला. मग म्हणाली, "हीच घेऊ."

भाडे पगाराचा तिसरा हिस्सा होते. त्याहून जास्त असते तर आम्ही 'थांब' म्हणालो असतो. पगारातून खाणे, जाणे-येणे, वीजबिल आणि घरी पाठवायचे पैसे निघाले पाहिजेत.

अनामत आणि पावती

अनामत म्हणजे मालकाकडे ठेवलेले आपले पैसे. शहरात त्याला 'डिपॉझिट' म्हणतात. खोली सोडताना ते परत मिळायचे असतात. मालक त्यातून थकलेले भाडे किंवा मोडतोडीचे पैसे वळते करून घेऊ शकतो. बाकीचे आपले.

इथे आम्हाला आमची स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. १९८४ साली आम्ही नवे शिक्षक होतो. नदीकाठच्या एका गावी नेमणूक झाली. एक खोली घेतली. अनामत ३०० रुपये दिली. मालक सज्जन होते. पावती मागायची आम्हाला लाज वाटली. दोन वर्षांनी त्यांनी घर विकले आणि ते लेकाकडे निघून गेले. नवा मालक म्हणाला, "तुम्ही पैसे दिल्याचा कागद दाखवा." कागद नव्हता. आम्ही मुलांना लिहायला शिकवत होतो, आणि स्वतः तीन ओळी लिहून घेतल्या नव्हत्या. तीनशे रुपये म्हणजे तेव्हा आमच्यासाठी फार मोठी रक्कम होती.

म्हणून सांगतो, माणूस कितीही चांगला असो, पावती घ्यावी. पावती मागितली म्हणजे अविश्वास दाखवला असे होत नाही. पावतीवर तारीख, रक्कम, कशाबद्दल दिले, आणि घेणाऱ्याची सही असावी. फोनवरून पैसे पाठवले तर तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते. तरी 'अनामत' हा शब्द करारात लिहिलेला असावा.

करार

दुसऱ्या दिवशी करार करायचा ठरला. या कराराला सगळे 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात. म्हणजे मालकाने ठरलेल्या मुदतीपर्यंत राहायची परवानगी दिली. मुदत बहुधा ११ महिने असते.

पुष्कळ लोक सांगतात, "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. स्टँप पेपरवर लिहा, नोटरीचा शिक्का मारा, झाले." हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदलेला असला पाहिजे. मुदत ११ महिने असली तरीही. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला दंड किंवा कैद होऊ शकते. आणि पुढे तंटा झाला, लेखी नोंदलेला करार नसला, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरतात. मालकाने ते खोटे आहे असे सिद्ध केले तरच निराळे. म्हणजे नोंदणी दोघांच्याही हिताची आहे.

नोंदणीला मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी लागते. हा खर्च कोणी करायचा हे आधी बोलून घ्यावे. आमच्या वेळी निम्मा-निम्मा ठरला.

मालकीणबाईंच्या घरी एजंट संगणक आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन आला. हल्ली नोंदणी अशीही घरबसल्या होते. तो म्हणाला, "चला, ताई, इथे अंगठा ठेवा. तात्या, तुम्ही साक्षीदार. तुम्हीही ठेवा."

तात्या म्हणाले, "थांबा. मी वाचतो."

"अहो, सगळ्यांचा असाच असतो. छापील आहे."

"असू दे. मी वाचतो."

तात्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. पोरगी शेजारी बसली. तात्यांचे बोट ओळीवरून हळूहळू सरकू लागले. एजंटने दोनदा घड्याळ पाहिले. मालकीणबाईंनी चहा टाकला. नवव्या कलमाशी बोट थांबले. तात्यांनी ते मोठ्याने वाचले: मुदतीच्या आत खोली सोडल्यास अनामत परत मिळणार नाही.

"काकू," पोरगी म्हणाली, "माझी नोकरी नवी आहे. उद्या पेढीवर नाही जमलं तर? पंधरा हजार माझे सगळेच जातील."

मालकीणबाई चकित झाल्या. "मला हे माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण पोरी, तू मधेच उठून गेलीस तर माझी खोली रिकामी पडेल."

दोघींचे म्हणणे रास्त होते. शेवटी असे ठरले: कोणालाही खोली सोडायची किंवा सोडवायची असेल तर एक महिना आधी लेखी कळवायचे. तसे कळवले तर अनामत पूर्ण परत. एजंटने ते कलम बदलले. बदललेले कलम तात्यांनी पुन्हा वाचले. मग सगळ्यांनी अंगठे ठेवले.

यंत्रावर अंगठा ठेवताना तात्या हसले. म्हणाले, "गुरुजी, दोन वर्षं तुम्ही मला सही शिकवली. आणि इथं पुन्हा अंगठाच!"

आम्हीही हसलो. पण मंडळी, या यंत्रावर शिकलेल्यालाही अंगठाच ठेवावा लागतो. त्यात कमीपणा नाही. न वाचता ठेवलेला अंगठा आणि वाचून ठेवलेला अंगठा, फरक तिथे आहे.

एक अट मात्र आपणही पाळायची. मुदत संपली की नवा करार करावा, नाही तर खोली सोडावी. तसेच बसून राहिले तर कायद्याप्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

राहायला गेल्यावर

पोरगी राहायला गेली त्या दिवशी तिने वहीत तीन गोष्टी लिहिल्या. मीटरचा आकडा. खोलीतल्या वस्तू: पंखा एक, दिवे दोन, बादली एक. आणि खिडकीची एक काच आधीच फुटकी आहे हे. मालकीणबाईंनी खाली सही केली. जी काच आपण फोडली नाही तिचे पैसे आपण का द्यावे?

पावसाळा आला. टेकाडावर राहूनही ती रोज आयर्विन पुलाजवळची पातळी वाचते आणि तात्यांना फोनवर सांगते. यार्डातल्या तिच्या एका मैत्रिणीचे घर नदीकडे आहे. पाणी चढले तर मैत्रिणीने आपल्या आजीला घेऊन या खोलीवर यायचे, असे दोघींनी ठरवले आहे. मालकीणबाईंना विचारूनच.

हिशेब

खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी लागलेले पैसे:

अनामत — १५००० रुपये
पहिल्या महिन्याचे भाडे — ४००० रुपये
दलाली — ४००० रुपये
एकूण — २३००० रुपये

नोंदणीचा निम्मा खर्च याहून वेगळा. एवढे पैसे हातात असल्याशिवाय खोली ठरवू नये. कर्ज काढून अनामत भरू नये.

लक्षात ठेवा

१. आधी नदी बघा, मग खोली बघा.
२. साल घालून विचारा. तिघांना विचारा.
३. पावतीशिवाय पैसे देऊ नका.
४. करार नोंदवून घ्या. नोटरीवर भागवू नका.
५. अंगठा किंवा सही शेवटी. वाचन आधी.
६. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंच ठेवा. पुराच्या वेळी मदतीसाठी जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

प्रश्न

१. पहिल्या खोलीच्या भिंतीवर पाण्याची खूण का दिसली नाही?
२. "पाणी येते का?" आणि "२०१९ ला पाणी कुठवर आले होते?" या दोन प्रश्नांत कोणता चांगला? का?
३. नवव्या कलमात काय लिहिले होते? ते तसेच राहिले असते तर पोरीचे किती रुपये बुडाले असते?
४. तुमचे भाडे ३००० रुपये आहे. ११ महिन्यांचे किती होईल?

करून पाहा

एका कोऱ्या कागदावर भाड्याची पावती लिहा. तारीख, रक्कम, महिना, देणाऱ्याचे नाव आणि घेणाऱ्याची सही, या पाच गोष्टी आल्या का ते पाहा. शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्याला कळली तर पावती बरोबर लिहिली.